परदेशात एटीसी व्हायचंय? आधी पहिलं रेटिंग कोण देणार ते बघ

सेलूच्या एका मुलाचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात मांडते. वय २३, बीएस्सी झालंय, फिजिक्स आणि मॅथ्स होतं. एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय, पण इथं नाही, थेट परदेशात. कॅनडा नाहीतर दुबई. छत्रपती संभाजीनगरातल्या एका संस्थेनं साडेआठ लाखांत ‘आंतरराष्ट्रीय एटीसी डिप्लोमा’ आणि नोकरीसाठी मदत देऊ केली आहे. वडील दोन एकर विकायला तयार आहेत. कुठला देश बरा, आणि हा कोर्स करू का, असं त्यानं विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: आपलं इंग्रजी कच्चं आहे, चालेल का?

तुझ्या वयाचा भाचा आहे मला, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी उदगीरची. तिथंच बीएस्सी केलं, एएआयची म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली. आधी गुजरातेतल्या एका लहान विमानतळाच्या टॉवरमध्ये होते, मग मुंबईत, आणि गेली अकरा वर्षं आखातातल्या एका एरिया कंट्रोल सेंटरमध्ये आहे. मधल्या काळात नव्यानं येणाऱ्यांना कन्सोलवर, म्हणजे कंट्रोलर जिथं बसून काम करतो त्या टेबलावर, शिकवायचं कामही अंगावर आलं. कोण टिकतं आणि कोण परत जातं, हे शेजारच्या खुर्चीत बसून पाहिलेलं आहे.

तू देश विचारलास. तुझी खरी अडचण देशाच्या बरीच अलीकडं आहे: तुला पहिलं रेटिंग कोण देणार?

हे नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या कामात लायसन्स एक असतं आणि रेटिंग वेगळं. टॉवरचं (विमानतळावरचं) वेगळं, ॲप्रोचचं (विमानतळाकडं येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचं) वेगळं, एरियाचं (मधल्या प्रवासातल्या विमानांचं) वेगळं. रडारवर वेगळं आणि रडारशिवाय वेगळं. शिवाय ते रेटिंग ज्या युनिटमध्ये मिळतं त्याच जागेपुरतं चालतं. मुंबईत रडारवर दहा वर्षं बसलेला माणूस उद्या दिल्लीला गेला, तर तिथं पहिल्या दिवशी एकाही विमानाशी स्वतःच्या जबाबदारीवर बोलू शकत नाही. त्यानं तिथलं हवाई क्षेत्र पाठ करायचं, कुणाच्या तरी देखरेखीखाली कन्सोलवर तास भरायचे, परीक्षा द्यायची, मग तो मोकळा. आपल्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात ना, तसंच आहे. पोहता येणं ही एक गोष्ट, पण कपार कुठं आहे आणि पाणी कुठं उथळ आहे हे प्रत्येक विहिरीचं वेगळं. लायसन्स म्हणजे पोहता येतं याचा दाखला. रेटिंग म्हणजे या विहिरीत उतरायची परवानगी.

आता परदेशातल्या युनिटच्या जागी बसून विचार कर. त्यांना कोऱ्या पोराला घडवायचं असेल तर त्यात एक-दोन वर्षं आणि भरपूर पैसा जातो, आणि एवढं करूनही बरेच जण मध्येच गळतात. हा धोका प्रत्येक देश आपल्या माणसांवर घेतो. म्हणून शिकाऊ जागा नागरिकांसाठी किंवा कायम रहिवाशांसाठी राखलेल्या असतात. अमेरिकेत एफएए ही तिथली विमान वाहतूक यंत्रणा नागरिकत्व मागते आणि अर्ज एकतिसाव्या वाढदिवसाच्या आत करावा लागतो. तिथं कंट्रोलरला ५६ व्या वर्षी सक्तीनं निवृत्त करतात, त्यामुळं उशिरा घेऊन त्यांना परवडत नाही. कॅनडात हे काम सरकार करत नाही. १९९६ पासून ते नॅव्ह कॅनडा ही ना-नफा तत्त्वावरची खासगी कंपनी बघते, आणि तिला नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) असलेला उमेदवार लागतो. म्हणजे सेलूहून थेट अर्ज करायची सोयच नाही, मग डिप्लोमा कुठलाही असो. ब्रिटनमध्ये तिथं काम करायचा कायदेशीर हक्क आधीच हातात असावा लागतो. ऑस्ट्रेलियाचे शिकाऊही नागरिक नाहीतर पीआरवालेच. मात्र ते अधूनमधून बाहेरचे अनुभवी, रेटिंग असलेले कंट्रोलर घेतात. आखाती देशांत बाहेरची माणसं खूप आहेत, मी त्यातलीच, पण तीही तयार माणसं. जाहिरात उघडून बघ: चालू लायसन्स, चालू रेटिंग, गर्दीच्या युनिटमधला काही वर्षांचा अनुभव, इंग्रजीचा दाखला, क्लास थ्री मेडिकल म्हणजे कंट्रोलरसाठीची वैद्यकीय तपासणी. ‘फ्रेशर चालेल’ अशी ओळ परदेशी माणसांसाठीच्या जाहिरातीत मी तरी अजून वाचलेली नाही.

म्हणजे घडवणारा कुणीतरी आधी लागतो, आणि भारतात नागरी विमानांसाठी तो व्यवहारात एकच आहे: एएआय. हवाई दल आणि नौदल आपापले कंट्रोलर घडवतात, पण तो अधिकारी होण्याचा रस्ता आहे. तिथून बाहेर पडून परदेशी कन्सोलवर जायला फार वेळ जातो.

आता तुझ्या साडेआठ लाखांकडं येते. त्या संस्थेत जा आणि तीनच गोष्टी विचार. हा कोर्स झाल्यावर डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मला शिकाऊ कंट्रोलरचं लायसन्स देईल का? माझं ऑन जॉब ट्रेनिंग कुठल्या विमानतळाच्या कुठल्या कन्सोलवर होणार? आणि तुमच्या मागच्या दोन बॅचमधल्या कुणाला कुठल्या युनिटचं रेटिंग मिळालं, त्याच्याशी फोनवर बोलता येईल का? उत्तर ‘टाय-अप आहे’, ‘प्रोसेस चालू आहे’, ‘सर बाहेर गेलेत’ असं आलं तर चहा पिऊन घरी ये. अशा बहुतेक कोर्समध्ये विमानतळावरचं ग्राउंड हँडलिंग, तिकीट, थोडी हवामानाची ओळख, थोडं आर.टी. (रेडिओवरचं बोलणं) शिकवतात आणि पाटीवर मोठ्या अक्षरात एटीसी लिहितात. ग्राउंड स्टाफच्या नोकरीत वाईट काही नाही, पण ती वेगळी नोकरी आहे आणि तिच्यासाठी दोन एकर लागत नाहीत. माझ्या मावसभावानं अशाच एका ठिकाणी फी भरली होती. वर्षभरानं त्याला चकचकीत प्रमाणपत्र मिळालं आणि एका मॉलमध्ये मुलाखतीला पाठवलं. तो आता औशाला कृषी सेवा केंद्र चालवतो, बरं चाललंय त्याचं, पण त्या फीचं नाव काढलं की जेवणावरून उठतो.

युरोपात स्वतःच्या पैशानं शिकवणाऱ्या खऱ्या, मान्यताप्राप्त अकादमी आहेत, हेही सांगायला हवं, नाहीतर कुणीतरी म्हणेल की ताईंनी लपवलं. तिथं शिकाऊ लायसन्स मिळू शकतं. पण युरोपीय नियमानुसार ते मिळाल्यावर वर्षभरात एखाद्या युनिटमध्ये काम सुरू झालं नाही, तर पुन्हा क्षमता तपासणी करून घ्यावी लागते. आणि युनिट घेणार कुणाला, तर काम करायचा हक्क असलेल्याला. म्हणजे कागद खरा, पण तो तुझ्या हातात शिळा होत जाणार.

एएआयचं बघू. ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एटीसी) अशी ती जागा. बीएस्सी फिजिक्स-मॅथ्स किंवा इंजिनिअरिंग चालतं, वयाची अट कमाल २७, ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सवलत. म्हणजे तुझ्याकडं अजून चार वर्षं आहेत. अडचण एकच, जाहिरात दरवर्षी ठरल्या दिवशी येत नाही. २०२२ मध्ये ४०० जागा निघाल्या, २०२३ मध्ये ४९६, मग खंड पडला आणि २०२५ मध्ये ३०९. त्यामुळं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारी पोरं वयात अडकतात. परीक्षा संगणकावर, दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं तर गुण कापत नाहीत. निम्मे गुण गणित आणि भौतिकशास्त्राला, उरलेले इंग्रजी, बुद्धिमत्ता, आकडेमोड, सामान्यज्ञान यांना. त्यानंतर व्हॉइस टेस्ट, मानसशास्त्रीय चाचणी, नशेच्या पदार्थांची तपासणी, मेडिकल. निवड झाली की प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाला प्रशिक्षण. गोंदिया आपल्याच राज्यात, हे कित्येकांना माहीतसुद्धा नसतं.

मूळ पगार ४०,०००, आणि एएआयच्याच जाहिरातीप्रमाणं सगळं धरून वर्षाला साधारण १३ लाख पडतात. त्याबरोबर बॉण्ड असतो: तीन वर्षं, सात लाखांचा. लोक याला फार घाबरतात. मला ते गमतीचं वाटतं. तिकडं तू साडेआठ लाख आधी भरून असा कागद घ्यायला निघालास जो कुठं चालत नाही. इथं ते तुला नोकरीत घेऊन शिकवतात आणि एवढंच म्हणतात की तीन वर्षांत पळालास तर सात लाख ठेवून जा. आणि तीन वर्षांत पळून जाण्याइतकी किंमत तुला बाजारात येतच नाही, ते पुढं सांगते.

माझी पहिली चार वर्षं त्या लहान विमानतळावर गेली. दिवसाला मोजून काही विमानं, रडार नाही, समोर कागदाच्या स्ट्रिपा, म्हणजे विमानाची माहिती लिहायच्या पट्ट्या, आणि पेन. पायलट सांगतो तो कुठं आहे, तू डोक्यात चित्र काढतोस. तेव्हा मला वाटायचं की आपण सडतोय. आज शिकाऊंना शिकवताना कळतं की त्या चार वर्षांनी मला वाचवलं. रडारचा पडदा एखाद्या रात्री गोठला की ज्याच्या डोक्यात चित्र आहे त्याचा आवाज हलत नाही. पण एक खरं की त्या अनुभवावर आखातात मला कुणी उभं केलं नसतं. त्यांना गर्दीतलं रडार हवं होतं, ते मुंबईनं दिलं.

आता मुख्य भाग, जो एजंट कधी सांगत नाहीत. समज, सगळं जमलं, करार हातात आला, तू तिकडं उतरलास. पहिल्या दिवशी तू पुन्हा शिकाऊ असतोस. लायसन्स तिथल्या प्राधिकरणाकडून मान्य करून घ्यायचं, तिथल्या नियमांची परीक्षा, सिम्युलेटर, मग महिनोन् महिने कन्सोलवर कुणीतरी पाठीशी बसून प्रत्येक वाक्य ऐकणार. आणि करारात एक कलम असतं: ठरलेल्या तासांत रेटिंग निघालं नाही तर करार संपला. भारतातली नोकरी सोडून आलेला असतोस, ती परत मिळत नाही.

माझं काय झालं ते सांगते. मुंबईचं हवाई क्षेत्र अरबी समुद्रात फार आतपर्यंत जातं. समुद्रावरच्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे एका कंट्रोलरच्या वाट्याचा आकाशाचा तुकडा) एक विमान तास-दीड तास तुझ्याकडं असतं. जमिनीवरच्या सेक्टरमध्येही वीस-वीस मिनिटं पुढचा विचार करून, ऐसपैस अंतर ठेवून काम करायची मला सवय लागली होती. जूनमध्ये ढग उठले की प्रत्येक पायलट वीस मैल डावीकडं, तीस मैल उजवीकडं मागतो, तेव्हा हे अंतरच उपयोगी पडतं. आखातात क्षेत्र चिंचोळं आणि विमानतळ एकमेकांना खेटून. विमान सेक्टरमध्ये येतं तेव्हा चढत असतं, पाच-सहा मिनिटांत पलीकडच्याच्या हातात द्यायचं, तेवढ्यात दुसऱ्या विमानतळाकडं उतरणारं त्याच्याच वाटेत येतं. नियम तेच, दोन विमानांत पाच मैल नाहीतर वरखाली हजार फूट. पण मी मुंबईच्या सवयीनं दहा मैल ठेवायचे आणि माझ्यामागं रांग लागायची. तिसऱ्या महिन्यात अहवालात आलं: सुरक्षित, पण संथ. ‘सुरक्षित’ वाचून मला बरं वाटलं. माझ्या इन्स्ट्रक्टरनं चष्मा काढून सांगितलं की इथं संथ म्हणजे नापास, कारण तू अडवलेलं विमान शेजारच्या सेक्टरमध्ये घिरट्या घालतं आणि तुझी अडचण त्याच्या गळ्यात पडते.

मला जादा तास मिळाले. आमच्या तुकडीतल्या दोघांना मिळूनही जमलं नाही, दोघं परत गेले. दोघंही आपापल्या देशात उत्तम कंट्रोलर होते, त्यातला एक माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मला वाटतं त्याचं वयच आडवं आलं. सवयी जितक्या मुरलेल्या तितक्या मोडायला जड. म्हणून माझा सल्ला असा की जायचंच तर रडारवर चार-पाच पक्की वर्षं झाल्यावर आणि पस्तिशीच्या आत जा. त्याआधी गेलास तर मुळं धरलेली नसतात, त्यानंतर फार खोल गेलेली असतात. प्रत्येकाचं वेगळं असतं हे मान्य. आमच्याकडं एक बाई चाळिशी ओलांडून आली आणि सगळ्यांच्या आधी पास झाली.

आणखी एक सापळा. सतत काम केलं नाही तर रेटिंग मरतं. आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, नियम आहे की ही मुदत देशागणिक वेगळी असली तरी सहा महिन्यांच्या वर असू शकत नाही. माझ्या एका सहकाऱ्यानं तोंडी होकारावर राजीनामा टाकला. तिकडं कागदपत्रांची छाननी लांबली, मग व्हिसा लांबला, सातव्या महिन्यात ते म्हणाले की तुमचं रेटिंग आता चालू नाही, आम्हाला घेता येणार नाही. त्यांचंही चूक नव्हतं. त्यामुळं लेखी करार, लायसन्सच्या पडताळणीचं पत्र आणि व्हिसाचा मार्ग हे तीन समोर दिसल्याशिवाय राजीनाम्याचा कागद टाइपसुद्धा करायचा नाही. पहिल्या दिवसापासून आपलं लॉगबुक, रेटिंगच्या तारखा, इंग्रजीचे दाखले, मेडिकल, सगळं एका फाइलीत ठेवायचं. आणि यात एजंट लागत नाही. जागा विमान वाहतूक सेवा देणाऱ्या संस्था स्वतः काढतात. मलाही एकानं ‘फाइल पुढं सरकवतो’ म्हणून पैसे मागितले होते. जी फाइल त्याच्याकडं नव्हतीच ती तो कशी सरकवणार होता, ते मला आजही कळलेलं नाही.

इंग्रजीची भीती. ही मी पूर्ण ओळखते. उदगीरच्या वर्गात आम्ही न्यूटनसुद्धा मराठीत समजून घेत होतो. पण या कामाला लागणारं इंग्रजी पुण्यातल्या कॉन्व्हेंटचं नव्हे. ते ठराविक वाक्यांचं आहे, आणि वाक्यं मुद्दाम कोरडी केलेली आहेत. थ्रीला ‘ट्री’, फाइव्हला ‘फाइफ’, नाइनला ‘नायनर’ म्हणतात, कारण खरखरत्या रेडिओवर फाइव्ह आणि नाइन एकसारखे ऐकू येतात. आपण आकडा सांगायचा, पायलटनं तो परत म्हणायचा, आणि त्यानं काय म्हटलं ते आपण खरंच ऐकायचं. या शेवटच्या पायरीवर माणसं चुकतात: त्यानं चुकीचा आकडा म्हटलेला असतो आणि आपल्या कानाला आपल्याला हवा तोच ऐकू येतो.

इंग्रजीची परीक्षा इतकी कडक का, तर त्यात १२ नोव्हेंबर १९९६ चा मोठा वाटा आहे. त्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदीचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६ हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याखाली उतरलं. तपासात त्या कॉकपिटमधल्या इंग्रजीच्या अडचणीचा मुद्दा ठळकपणे आला. पुढं आयकाओनं पायलट आणि कंट्रोलर दोघांसाठी भाषेच्या पातळ्या ठरवल्या. किमान चौथी पातळी लागते. उच्चार, व्याकरण, शब्दसंपदा, ओघ, आकलन आणि संवाद अशा सहा गोष्टी बघतात, आणि सहापैकी सगळ्यात कमी असेल तीच तुझी पातळी. पाच गोष्टींत सहावी पातळी आणि आकलनात तिसरी, तर तू तिसरीचा. चौथी पातळी असली की साधारण तीन वर्षांनी परत परीक्षा, पाचवीला सहा वर्षांनी.

आपल्या उच्चाराची लाज बाळगू नकोस. माझं ‘व’ अजून उदगीरचंच आहे. आमच्या सेंटरमध्ये पंधरा-वीस देशांचे उच्चार रोज कानावर पडतात. अडचण येते ती ठरलेल्या वाक्यांच्या बाहेरचं काही घडलं की. केबिनमध्ये धूर झालाय, प्रवाशाला झटका आलाय, पक्षी आदळलाय. पायलट घाबरून भराभर बोलतो, तेव्हा साध्या इंग्रजीत उलट प्रश्न विचारता यायला हवा. त्यासाठी रोज अर्धा तास मोठ्यानं वाच, आणि वाचलेलं कुणालातरी स्वतःच्या शब्दांत सांग. समोर म्हैस असली तरी चालेल, मी आमच्या गोठ्यातच केलंय हे.

त्यात एक आपल्याकडची खोड. लातूर पॅटर्नच्या मुशीतून आपण निघतो, प्रश्नसंच चारदा सोडवून पाचव्यांदा पेपरला बसतो. लेखी परीक्षेला ते कामाला येतं, मी नावं ठेवत नाही. पण कन्सोलवर प्रश्न दर मिनिटाला बदलतो आणि मागचं उत्तर अजून पडद्यावर हलत असतं. तिथं ‘मला वेळ द्या’ म्हणायची सोय नाही. त्याचा सराव पुस्तकातून होत नाही. मी नव्या पोरांना विचारते की क्रिकेटमध्ये विकेटकीपिंग केलंय का, लग्नात पंगत वाढलीय का. शंभर पानांवर एकाच वेळी कुणाची भाजी संपली, कुणाला पोळी हवी, कोण उठायच्या बेतात आहे हे ज्याला न बघता कळतं, तो रडारवर लवकर रुळतो.

पैशाचं विचारायला तू संकोचला असशील. हातात येणारी रक्कम इथल्यापेक्षा बरीच मोठी असते, आणि अमिरातीसारख्या ठिकाणी पगारावर आयकर नाही. पण घरभाडं आणि मुलांच्या शाळेची फी त्यातला मोठा घास घेतात. करारात शाळेचा भत्ता किती मुलांसाठी आहे, हे मी पहिल्या करारात वाचलंच नव्हतं. शिवाय व्हिसा नोकरीला बांधलेला. क्लास थ्री मेडिकलमध्ये एखाद्या वर्षी अडकलास की नोकरी, घर, मुलांची शाळा सगळं एकदम हलतं. इथं एएआयमध्ये मेडिकल गेलं तरी साधारणपणे दुसरं काम मिळतं. आईला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रात्रपाळीत होते, आणि पाळी सोडून उठता येत नाही, कारण खुर्ची दुसऱ्याच्या हवाली केल्याशिवाय आमच्यात कुणी उठत नाही. उदगीरला पोचायला मला दीड दिवस लागला.

माझं उत्तर कशानं बदलेल? तुझे सख्खे कुणी कॅनडात-ऑस्ट्रेलियात असतील आणि पीआरची वाट खरोखर चालू असेल, तर आधी ती पूर्ण कर, मग तिथंच शिकाऊ म्हणून अर्ज कर. तो रस्ता सरळ आहे. वय २७ च्या काठावर असतं तर मी म्हटलं असतं की एएआयचा नाद सोड. फिजिक्स-मॅथ्स नसतं तरी तेच. पण तुझं तसं काहीच नाही. म्हणून डिप्लोमा नको, वावर विकू नको, पुढच्या जाहिरातीची तयारी सुरू कर. सगळं सुरळीत गेलं तर तिशी-बत्तिशीत तू परदेशी जाहिरातीत बसशील. कदाचित तोवर जावंसंच वाटणार नाही. माझ्या बॅचचे निम्म्याहून जास्त लोक मुंबई-हैदराबादला सुखात आहेत.

घरी कसं सांगू, असंही तू लिहिलंस. माझ्या आजीला विमानतळ म्हटलं की एकच आठवायचं: २६ एप्रिल १९९३, चिकलठाण्याहून उडणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकलं आणि ५५ जण गेले. मी या कामात जाते म्हटल्यावर तिनं दोन दिवस अन्न सोडलं. तिला मी समजावलं नाही, सुट्टीत संभाजीनगरला नेऊन लांबून टॉवर दाखवला आणि म्हटलं, तिथं बसून रस्ता मोकळा आहे का ते बघायचं. ती म्हणाली, मग जा. वडिलांना तूही चिकलठाण्याचा टॉवर दाखव. तिथं बसणारी माणसं एएआयचीच आहेत, आणि त्यातल्या एकानंही त्यासाठी जमीन विकलेली नाही.

आणि हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. उद्या परभणीला जाऊन रंगांधळेपणाची चाचणी करून घे, ती ठिपक्यांच्या आकड्यांची. सोबत दोन्ही कानांची ऑडिओमेट्री. चष्मा असला तर बिघडत नाही, चष्मा लावून ठरलेलं दिसलं की झालं. पण रंग ओळखण्यात खोट निघाली तर वर लिहिलेला प्रत्येक रस्ता अडू शकतो, इथलाही आणि तिकडचाही. आमच्याकडं एक हुशार पोरगा लेखी, व्हॉइस सगळं पार करून मेडिकलला गेला आणि तिथं त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्याला हिरवा आणि लाल वेगळा दिसत नाही. रिपोर्ट आला की कळव, मग अभ्यासाचं बोलू.